गाणं कुठून येतंय?

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला कॉलेजातून एक असाइनमेंट मिळाली. मनू मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला होती. विषय एका ओळीचा: गाण्यांचं चित्रण करणारा एक दिग्दर्शक निवडा आणि त्याच्या दृश्यशैलीचा अभ्यास करा. पहिला भाग लेखी होता. दुसऱ्या भागात त्या अभ्यासातून सुचलेला स्वतःचा तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता. त्या विषयाचे निम्मे मार्क यावरच असल्यामुळे घरात बारावीच्या परीक्षेसारखं वातावरण होतं.

मनूनं व्ही. शांताराम निवडले. का, असं विचारलं तर म्हणाली, "गाणी यूट्यूबवर फुकट आहेत आणि वर्गात दुसऱ्या कुणी घेतलेले नाहीत." मग हळूच पुढे म्हणाली, "दादा, तू कोड लिहून दे ना काहीतरी. भारी दिसेल."

मी हडपसरमध्येच एका आयटी कंपनीत डेटाचं काम करतो. मला ही कल्पना लगेच आवडली. दोन संध्याकाळी बसून एक स्क्रिप्ट लिहिली. ती गाण्याचा व्हिडिओ फ्रेमफ्रेमनं वाचायची. लागून असलेल्या दोन फ्रेममध्ये फार फरक दिसला की तिथे कट आहे असं धरायची, प्रत्येक शॉटची लांबी मोजायची आणि त्यातले पाच मुख्य रंग काढून पट्ट्या बनवायची. 'नवरंग'च्या पट्ट्या रंगपंचमी झाल्यासारख्या आल्या. 'कुंकू' कृष्णधवल, त्यामुळे त्याच्या पाचही पट्ट्या करड्या. शिवाय जुन्या प्रिंटवरचे ओरखडे आणि उजेडाची थरथर यांनाही स्क्रिप्ट कट समजत होती. तिच्या मते 1937 सालचे शांताराम आजच्या रॅप व्हिडिओपेक्षाही भराभर कट मारत होते. मी मर्यादा थोडी वाढवली, आलेख नीट केले, मनूनं खाली चार परिच्छेद लिहिले आणि फाइल जमा केली.

आठवड्यानं फाइल परत आली. शेवटच्या पानावर मॅडमनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: "मोजणी चांगली आहे. पण या प्रत्येक गाण्यात संगीत कुठून येतं? ते बघून पुन्हा लिहा."

मला आधी वाटलं, हा काय प्रश्न झाला? सिनेमात गाणं सुरू होतं आणि संगीत वाजतं. कुठून येतं म्हणजे काय? पण पंधरा दिवसांची मुदत मिळाली होती. आम्ही दोघं रोज जेवण झाल्यावर गाणी बघायला बसलो, या वेळी स्क्रिप्टशिवाय. त्या पंधरा दिवसांत जे समजत गेलं ते हे.

समोर बसलेले साथीदार

मराठी माणसाला गाण्याची गोष्ट सिनेमानं शिकवलेली नाही, ती संगीत नाटकानं शिकवली. आणि संगीत नाटकात मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांसमोरच असायचं. ऑर्गन, सारंगी, तबला घेऊन साथीदार रंगमंचासमोर बसलेले असत. नट दोन पावलं पुढे येई, ऑर्गनवाल्याकडे बघे आणि पद सुरू होई. गोष्टीतल्या राजवाड्यात ऑर्गन कुठून आला, असं कुणी विचारत नसे. प्रेक्षकांना दोन्ही दिसत होतं, राजवाडाही आणि ऑर्गनही, आणि दोन्ही चालत होतं.

सिनेमा बोलू लागला तेव्हा ही सोय गेली. 'प्रभात फिल्म कंपनी' 1929 साली कोल्हापुरात सुरू झाली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर, सीतारामपंत कुलकर्णी आणि शांताराम हे तिचे भागीदार. 1932 मध्ये त्यांनी 'अयोध्येचा राजा' काढला, तो मराठीतला पहिला बोलपट. त्यात हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे स्वतः संगीतकार आणि नाटक मंडळींत मुरलेले पेटीवादक होते, आणि तारामती झालेल्या दुर्गा खोटे आपली गाणी आपणच गायल्या. दुसरा मार्गही नव्हता. चित्र आणि आवाज एकाच वेळी टिपावे लागत. नटानं कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता खरोखर गायचं आणि साथीदारांनी तिथेच, पण चौकटीबाहेर बसून वाजवायचं. आता साथीदार दिसले तर गोष्ट बिघडणार. मग ते झाडामागे, खांबामागे, पडद्यामागे लपत. नट फार हलला तर माइकपासून लांब जाणार, कट मारला तर सूर तुटणार. म्हणून त्या काळची गाणी लांबच लांब शॉटमध्ये, जवळजवळ जागच्या जागी उभी राहून गायलेली दिसतात.

माझ्या स्क्रिप्टला त्या शॉटची लांबी बरोबर सापडली होती. पण ती लांबी म्हणजे कुणा दिग्दर्शकाची आवड आहे असं मी धरून चाललो होतो. ती बऱ्याच अंशी माइकची अडचण होती.

ती अडचण 1935 मध्ये सुटली. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांच्या 'धूप छाँव'साठी गाणं आधी ध्वनिमुद्रित केलं गेलं आणि चित्रण करताना ते वाजवून त्यावर ओठ हलवले गेले. प्लेबॅक म्हणतो आपण त्याला. आवाज शरीरापासून सुटा झाला. आता नट डोंगरावर चढू शकत होता, दिग्दर्शक हवे तितके कट मारू शकत होता, आणि वाद्यं कुठे आहेत हे सांगायची जबाबदारी कुणावरच उरली नाही. आज आपण जे म्युझिक व्हिडिओ बघतो त्यांची मुळं तिथे आहेत. आणि मॅडमच्या प्रश्नाला खरी धारही तिथूनच आली. संगीत कुठूनही येऊ शकतं अशी मुभा मिळाल्यावर दिग्दर्शक ते कुठून आणतो? तंत्राची सक्ती संपल्यावर जी निवड उरते, तिथे शैली बघायला हवी.

एकच अभंग, दोनदा

प्रभात 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. एरंडवण्यात ज्या जागी त्यांचा स्टुडिओ होता तिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि प्रभातचा जुना फ्लोअरही अजून उभा आहे. आमच्या घरापासून ही जागा दहा-बारा किलोमीटर. मगरपट्ट्यापासून स्वारगेटमार्गे तिकडे मी शेकडो वेळा गेलो असेन. 'प्रभात रोड' हे नाव कुठून आलं याचा विचार मी कधी केला नव्हता.

प्रभातचं बोधचिन्ह तुम्ही पाहिलं असेल, कमरेतून मागे वाकून तुतारी फुंकणारी बाई. मनू म्हणाली, "बघ, यांच्या लोगोतच आवाज कुठून येतोय ते दिसतंय." मी तेव्हा हसलो. नंतर 'संत तुकाराम' बघितल्यावर हसू गेलं.

'संत तुकाराम' 1936 चा. तो शांतारामांचा नव्हे, त्याचं दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांचं. व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेलेला. पण आमच्या अभ्यासाला तो हवाच होता, कारण त्याची सुरुवातच या प्रश्नाचा धडा आहे. पडद्यावर तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस एका जागी बसून, डोळे मिटून, अभंग गातात. कॅमेरा फार काही करत नाही. मग दृश्य बदलतं आणि तोच अभंग सालोमालो गातो, नाटकी हातवारे करत, मुरडत, जणू तो त्याचाच आहे अशा थाटात. शब्द तेच. पहिल्यांदा गाणं आतून येताना दिसतं, दुसऱ्यांदा समोरच्या माणसांना दाखवण्यासाठी येतं. खलनायक कोण हे सांगायला एकही संवाद लागत नाही.

याच चित्रपटातलं 'आधी बीज एकले' हे गाणं तुकोबांचंच आहे असं असंख्य लोकांनी धरलं होतं. ते लिहिलं होतं शांताराम आठवले यांनी. मला वाटतं, या गैरसमजात त्या चित्रणाचाही हात आहे. पागनीस मुळात रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट, पण इथे ते गाताना असे दिसतात की शब्द त्यांना त्याच क्षणी सुचतायत. चित्रानं गाण्याचा उगम इतका पक्का दाखवला की खरा कवी बाजूला राहिला.

घड्याळाची टिकटिक

आता शांताराम. लहानपणी ते काही काळ गंधर्व नाटक मंडळीत होते, म्हणजे समोर बसलेला ऑर्गनवाला त्यांनी जवळून पाहिलेला. 1933 मध्ये 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठी ते जर्मनीला गेले. रंग फसले, पण तिथल्या सिनेमातल्या सावल्या आणि कॅमेऱ्याचे कोन त्यांनी बरोबर आणले असावेत, असं पुण्यात आल्यावर केलेला त्यांचा पहिला चित्रपट 'अमृतमंथन' (1934) बघताना वाटतं. त्यातल्या राजगुरूचा पडदाभर पसरलेला डोळा आजही अंगावर येतो.

'कुंकू' 1937 चा. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर बेतलेला. नीराचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावलं जातं आणि ती त्याला नवरा मानायला नकार देते, ओरडून नव्हे, ठाम राहून. शांता आपटे नीरा, केशवराव दाते काकासाहेब, संगीत केशवराव भोळ्यांचं.

प्लेबॅकची युक्ती तोवर आलेली होती. तरी या चित्रपटात शांतारामांनी स्वतःला एक बंधन घालून घेतलं: पार्श्वसंगीत नाही. ऐकू येईल ते त्या घरातलं आणि त्या रस्त्यावरचं. घड्याळाची टिकटिक, पावलं, भांडी, रस्त्यावरचा गलका. त्यामुळे गाणं आलं की ते कुणाचं तरी असतं. रस्त्यावर गात फिरणारा भिकारी गातो, कारण गाणं हेच त्याचं पोट आहे. नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, आणि 1937 च्या वाड्यात एक मुलगी इंग्रजीत गातेय याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ती शिकलेली आहे, आणि जे शिकली ते या घरात बोलायची सोय नाही, म्हणून गाते.

विचार करा, याच प्रसंगांखाली सारंग्या वाजल्या असत्या तर काय झालं असतं? नीराची कीव आली असती. संगीतानं आपल्याला आधीच सांगून ठेवलं असतं की आता रडा. ते नाही म्हणून तिच्याबरोबर त्या घरात बसावं लागतं, आणि घड्याळ ऐकावं लागतं. तेच घड्याळ पुढे काकासाहेबांच्या आयुष्याशी बांधलं जातं. आणि तो प्रसिद्ध आरसा: काकासाहेब आपलं प्रतिबिंब बघतात, आरसा फुटतो आणि प्रत्येक तुकड्यातला वेगळा काकासाहेब त्यांनाच हसतो.

माझ्या स्क्रिप्टनं हा प्रसंग 'करडा, करडा, गडद करडा' असा नोंदवला होता.

दोन वर्षांनी, 'माणूस'मध्ये (1939) हीच दिशा त्यांनी पुढे नेली. गणपत हवालदार आणि मैना यांची ही गोष्ट. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. 'कशाला उद्याची बात' हे मास्टर कृष्णरावांच्या संगीतातलं गाणं एकाच वेळी अनेक भाषांत जातं. ऐकताना ती गंमत वाटते. बघताना कळतं की हा मैनेचा धंदा आहे. कोठ्यावर येणारं गिऱ्हाईक देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातलं असतं आणि तिला प्रत्येकाच्या भाषेत हसावं लागतं. याच चित्रपटात त्या काळच्या सिनेमातल्या गोड गोड प्रेमगीतांची टिंगलही आहे. कारण नसताना बागेत उगवणाऱ्या गाण्याला शांताराम 1939 मध्येच हसत होते.

1959

इथपर्यंत आमचा लेख मस्त चालला होता. शांतारामांची शैली म्हणजे काय? गाण्याला घर असतं, कारण असतं. मनूनं शीर्षकसुद्धा ठरवलं. मग आम्ही परत 'नवरंग' लावला आणि सगळं कोसळलं.

1942 मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत परळला 'राजकमल कलामंदिर' काढलं. 'दो आँखें बारह हाथ'च्या (1957) वेळी बैलाशी झुंजीचा प्रसंग करताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. दृष्टी जाते की काय अशी वेळ होती. 'नवरंग'च्या सुरुवातीला ते स्वतः पडद्यावर येऊन सांगतात की डोळ्यांवर पट्टी असताना त्या अंधारात त्यांना रंग दिसत राहिले. त्या रंगांचा हा चित्रपट. कवी दिवाकर आपल्या साध्यासुध्या बायकोतून एक मोहिनी कल्पनेत उभी करतो आणि तिच्याबरोबर गाणी होतात. सी. रामचंद्रांचं संगीत, संध्याचं नृत्य, नाचणारा हत्ती, रंगांचे लोटच्या लोट. घड्याळाची टिकटिक ऐकवणारा माणूस हाच का, असं वाटावं इतका फरक. स्क्रिप्टही म्हणत होती की हे दोन वेगळे दिग्दर्शक आहेत.

मनू वैतागली. "मग शैली कुठली धरायची?"

पण मॅडमचा प्रश्न इथेही लागू पडतो. 'नवरंग'मध्ये संगीत कुठून येतं? कवीच्या डोक्यातून. बाहेर बायको विचारत असते, घरात दाणे आहेत का. आत ऑर्केस्ट्रा चालू असतो. 'कुंकू'त गाणं घरातून येत होतं, इथे ते घरातून पळून जाण्यासाठी येतं. उत्तर उलटं झालं, पण दिग्दर्शकाला प्रश्न माहीत आहे.

आणि मग आम्हाला दोन्ही चित्रपटांतला दुवा सापडला, तोही मनूला. होळीच्या गाण्यात संध्या एकटीच बाई आणि पुरुष दोन्ही होते. डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा, एका अंगानं एक वेश, दुसऱ्या अंगानं दुसरा. गिरकी घेतली की माणूस बदलतो. "दादा, हा आरसाच आहे," ती म्हणाली. फुटलेल्या आरशात एका काकासाहेबाचे अनेक झाले होते, इथे एका बाईचे दोन झाले. 'नवरंग'च्या बायकोच्या दोन होतात, जमुना आणि मोहिनी. 'कुंकू' ते 'नवरंग' बावीस वर्षं, पण एका माणसात दुसरा दिसणं हे यांच्या डोळ्यातून जात नाही. रंगांची पट्टी बदलली तरी नजर तीच होती.

त्याच 1959 मध्ये आणखी एक चित्रपट आला, गुरुदत्त यांचा 'कागज के फूल'. गुरुदत्त हेही प्रभातच्या आवारातून गेलेले. अल्मोड्याला उदय शंकर यांच्याकडे नृत्य शिकून 1944 मध्ये ते पुण्यात प्रभातला आले. तिथेच त्यांची देव आनंदशी मैत्री झाली. 'कागज के फूल' हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट आणि त्यातलं गीता दत्तनी गायलेलं 'वक्त ने किया' हे गाणं रिकाम्या फिल्म स्टुडिओत घडतं. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी बाहेरचं ऊन आरशांनी आत वळवून तो उजेडाचा झोत उभा केला. त्यात धूळ तरंगताना दिसते. आणि मुख्य म्हणजे गाणं चालू असताना कुणाचेही ओठ हलत नाहीत. ना वहीदाचे, ना गुरुदत्तांचे. त्या दोघांना जे बोलता येत नाही ते त्या रिकाम्या जागेला ऐकू येतंय. प्लेबॅकनं आवाज शरीरापासून सुटा केला, त्यातून बहुतेकांनी सोय शोधली. गुरुदत्तांनी त्या तुटलेपणातूनच दुःख दाखवलं.

सिनेमा नसलेलं गाणं

मग गाणं सिनेमातूनही सुटं झालं. 15 ऑगस्ट 1988 ला दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' पहिल्यांदा लागलं तेव्हा त्याला कुणी म्युझिक व्हिडिओ म्हणत नसेल, पण होता तो तोच. सुरुवात पुण्याच्या भीमसेन जोशींपासून, धबधब्यासमोर. मग एकेक माणूस, एकेक भाषा, एकेक जागा. संगीत कुठून येतं, तर नकाशावरून. नव्वदच्या दशकात संगीताच्या वाहिन्या आल्या आणि कुठल्याच गोष्टीचं ओझं नसलेली गाणी दिवसभर दिसू लागली. त्यात गंमत होती, नव्या चेहऱ्यांना जागा होती. पण चित्र आधी ठरायचं आणि गाणं त्यावर चढवायचं ही सवयही लागली. आज आपल्या फोनवर तीस सेकंदांत एखादं गाणं दहा वेगळ्या जागी, दहा वेगळ्या माणसांवर वाजतं. ते कुठून आलं हे विचारायला वेळच मिळत नाही.

म्हणून आम्ही शेवटी नागराज मंजुळ्यांकडे आलो. 'फँड्री'साठी अजय-अतुलनी केलेलं गाणं गाजलं, पण ते चित्रपटात नाही, फक्त प्रसिद्धीसाठी. चित्रपटात आहे ती जत्रेतली हलगी. जब्या तिच्या तालावर बेभान नाचतो, आणि थोड्याच वेळात त्याच्या डोक्यावर बत्ती दिली जाते. ज्याच्या अंगात ते संगीत सगळ्यात जास्त भिनलेलं, त्यानं इतरांना उजेड दाखवत उभं राहायचं. मंजुळ्यांना हवं असतं तर ते गाजलेलं गाणं आत घालणं काही अवघड नव्हतं. त्यांनी ते बाहेर ठेवलं. जब्याच्या आयुष्यात ते वाजणं शक्य नव्हतं.

'सैराट'मध्ये (2016) उलट. करमाळ्याच्या शिवारात पळणाऱ्या पोराच्या मागे भलामोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजतो, आणि तो ध्वनिमुद्रित झालाय लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत. 'कुंकू'च्या नियमानं बघितलं तर हा अन्यायच. व्हायोलिनं कुठून आली तिथे? पण परशा आणि आर्चीला प्रेम कुणी शिकवलं? सिनेमानं. त्यांच्या डोक्यात प्रेम याच आवाजात वाजणार. चारही गाणी पूर्वार्धात आहेत. ती दोघं पळून हैदराबादला पोचतात, पत्र्याच्या खोलीत राहू लागतात आणि मग गाणं एकही नाही. भांडी, रस्ता, भांडण, कष्ट. आणि शेवटी आवाजच बंद होतो. बाळाची पावलं उमटतात तेव्हा थिएटरात फक्त लोकांचे श्वास ऐकू येत होते. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. 'झिंगाट'वर खुर्च्यांमध्ये नाचलेली आम्ही पोरं बाहेर पडताना एकमेकांशी बोललो नाही. इतके दिवस मला वाटायचं की तो परिणाम कथेचा होता. आता वाटतं, आमच्याकडून गाणं काढून घेतलं गेलं होतं.

1937 मध्ये शांतारामांनी संगीत काढून घेऊन नीराचं घर ऐकवलं. 2016 मध्ये मंजुळ्यांनी आधी संगीत भरभरून दिलं आणि मग काढून घेतलं. यात कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. प्रश्न मात्र एकच आहे.

हडपसरचा रस्ता

लेखी भाग जमा झाला. व्हिडिओ राहिला होता आणि आषाढवारी तोंडावर आली होती. दोन्ही पालख्या पुण्यातून निघाल्या की हडपसरला येतात आणि इथून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउली दिवे घाटातून सासवडकडे, तुकोबा सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडे. मनूचा मूळ बेत होता की गर्दीचे वरून शॉट घ्यायचे आणि एखादा गाजलेला अभंग खाली लावायचा. दरवर्षी असे शेकडो व्हिडिओ येतात, छान दिसतात.

तिनं तो बेत रद्द केला आणि एक नियम केला: जे वाजताना दिसेल तेच ऐकू येईल. टाळ चौकटीबाहेर गेले की त्यांचा आवाज बंद. मी म्हटलं, "अगं, एडिटिंगला जीव जाईल." म्हणाली, "तुझा जाईल."

सकाळपासून आम्ही रस्त्याच्या कडेला होतो. अडचण अशी झाली की एका स्वागताच्या मंडपात स्पीकरची भिंत उभी होती आणि त्यावर अभंगाचं रेकॉर्डिंग सुरू होतं, इतकं मोठ्यानं की समोरून जाणाऱ्या दिंडीचा मृदंग दिसत होता पण ऐकू येत नव्हता. फोनमध्ये फक्त स्पीकर येत होता. मी चिडून म्हणालो, पुढे जाऊ, इथे काही मिळणार नाही. मनू हलली नाही. तिनं आधी स्पीकर टिपले, नुसते स्पीकर, काळे चौकोन, बराच वेळ. मग तिनं तुळस डोक्यावर घेतलेली एक म्हातारी टिपली, जिचे ओठ हलत होते. मंडप ओलांडून ती पन्नास पावलं पुढे गेली तेव्हा कुठे तिचा आवाज फोनमध्ये आला. ती तोच अभंग म्हणत होती.

मार्क ठीक आले. मॅडमनी या वेळी काही लिहिलं नव्हतं, फक्त म्हातारीच्या शॉटच्या वेळेसमोर एक बरोबरची खूण होती. माझ्या स्क्रिप्टमधून तो व्हिडिओ काढून बघितला तर तिनं शॉटची लांबी आणि पाच रंग बिनचूक दिले. रंगांत हिरवा होता, तुळशीचा.